पाटीवर घोडी आहे, ब्रिता नाही

१४ मार्च १८७१ रोजी सकाळी, स्वीडन देशाच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात, ब्रिता नावाच्या बाईला तिच्या चार वर्षांच्या मुलीसकट राहत्या घरातून बाहेर काढण्यात आलं. तिचा अपराध एकच. तिचा नवरा मेला होता. तो घोडदळातला स्वार. आदल्या हिवाळ्यात छातीत कफ भरून गेला. घर पलटणीच्या चाकरीचं होतं. चाकरी करणारा गेला, घर दुसऱ्या स्वाराला दिलं. त्याच्या घोडीला मात्र कुणी हलवलं नाही. तिला नवा स्वार मिळाला.

कोल्हापूरच्या माणसानं शंभर वर्षांनंतर ही उठाठेव कशाला करावी, असं तुम्ही विचाराल. आमच्या युवक मंडळाच्या बैठकीतही हाच सवाल आला. "आरं, शिरोळ तालुक्यातलं अन्याय संपलं काय, म्हणून तिकडचं आणलास?" संपलेले नाहीत. पण आधी ऐकून घ्या, मग माझ्यावर या.

गेलो कसे

१९७४ च्या मे महिन्यात मंडळाला एक पत्र आलं. स्वीडनमधल्या एका खेड्यात निरनिराळ्या देशांतली तरुण मंडळी मिळून एक जुनं घर दुरुस्त करणार आहेत. इंग्रजी येणारे आणि कुदळ चालवता येणारे दोघे पाठवा. आमच्यात इंग्रजी येणारे तिघं होते, कुदळ चालवणारे पुष्कळ. दोन्ही येणारा मी एकटा निघालो. दुसरा म्हणून जयसिंगपूरचा बाबू मगदूम. बाबूच्या घरच्यांचं शेंगा-गुळाचं दुकान. कुदळ त्यानं आयुष्यात हातात धरली नव्हती, पण कॉलेजात माझ्या शेजारी बसायचा आणि मी भाषण करताना पहिली टाळी त्याची असायची. ट्रंकेत त्यानं दोन सदरे आणि शेंगदाण्याच्या चटणीचे तीन डबे भरले. इतर देशांतली पोरं आमच्यानंतर पंधरा दिवसांनी यायची होती. तोवर आम्हीच दोघं.

विमानाबद्दल लिहीत नाही. विमानात बसायचं असतं, ते आम्ही केलं.

गाव

चाळीस घरं, एक चर्च, एक तळं आणि शांतता. कुरुंदवाडात नवा माणूस एस.टी.तून उतरला की पारावर पोचायच्या आत त्याला विचारणा होते, "पावणं, कुठलं? कुणाकडं?" इथं तीन दिवस आम्ही गावातून फिरलो, एकानंही विचारलं नाही. टोपीला हात लावायचे आणि पुढं जायचे. बाबूला हे फार लागलं.

"आरं, आपुन काळं, त्येंच्यात चांगलं उठून दिसतोय," तो म्हणाला, "तरी एकजण इचारंना! आपुन दिसतोय का न्हाय ह्येंस्नी?"

नंतर कळलं, तिथं न विचारणं हाच मान. माणसाला एकट्याला सोडलं की त्याची बूज राखली असं ते समजतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं त्यानंच माझा जीव घेतला.

जेवणात उकडलेले बटाटे. सकाळी बटाटे, दुपारी बटाटे, संध्याकाळी बटाट्यावर शेपू. मासे साखरेच्या पाकात मुरवून खातात, हे मी पाहिलं म्हणून सांगतो. बाबू जैन, पण बटाटा चालणारा, त्यामुळं तो या प्रसंगातून सुटला आणि बटाट्याला चटणी लावून खात राहिला. आमच्या कामाचे प्रमुख लुंडग्रेन गुरुजी, निवृत्त शाळामास्तर, सत्तरीचे. त्यांनी ती चटणी चहाच्या चमच्यानं सरळ तोंडात टाकली. त्यांचा चेहरा हलला नाही. डोळ्यांतून दोन धारा लागल्या, त्या त्यांनी घडीच्या रुमालानं टिपल्या आणि म्हणाले, "रोचक."

लढाई नसलेलं सैन्य

आम्ही दुरुस्त करत होतो ते घर म्हणजे ब्रिताचीच ती दोन खोल्यांची लाकडी झोपडी. सगळी दुरुस्ती व्हायच्या आधीच, पुढच्या रविवारी, ती गावाला पाहायला खुली व्हायची होती. पहिल्याच दुपारी लुंडग्रेन गुरुजींनी आम्हाला उंबऱ्यावर बसवून त्यांच्या सैन्याचा इतिहास सांगितला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या राजाला कायमची फौज हवी होती, पण पोसायला खजिना नव्हता. मग त्यानं गावांशी करार केला. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक शिपाई पोसायचा. त्याला झोपडी द्यायची, जमिनीचा तुकडा द्यायचा. मोठा शेतकरी असेल तर त्यानं घोडा आणि स्वार उभा करायचा, बदल्यात त्याला सारा माफ. शिपायानं एरवी शेत कसायचं, बोलावणं आलं की निघायचं.

"म्हणजे वतन," मी म्हणालो.

गुरुजींनी तो शब्द वहीत टिपून घेतला. मी त्यांना सांगितलं की आमच्या घराण्याला या पद्धतीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. गावची चाकरी करायची, त्याबद्दल जमिनीचा तुकडा मिळायचा, आणि तुकड्याच्या नावानं गाव जन्मभर राबवून घ्यायचं.

गंमत आडनावांची. गावात सगळेच अँडरसन नाहीतर योहानसन. एक हाक मारली की निम्मी पलटण ओ देणार. म्हणून भरतीच्या वेळी अधिकारी नवं आडनाव ठेवायचा. शूर, तलवार, भाला, पोलाद. ब्रिताच्या नवऱ्याला मिळालं 'रास्क', म्हणजे चपळ.

"मला काय ठेवलं असतं?" बाबूनं विचारलं.

गुरुजींनी त्याच्या बाजूला टेकवून ठेवलेल्या, अजून कोऱ्या कुदळीकडं पाहिलं आणि इतिहास पुढं चालू केला.

पुढच्या राजानं हे सगळे चपळ आणि शूर रशियात नेले. बहुतेक परतले नाहीत. गावांनी नवी माणसं उभी केली, त्यांना पुन्हा तीच नावं मिळाली. आणि १८१४ नंतर स्वीडननं लढाईच केली नाही.

"एकशेसाठ वर्सं?" बाबू उठून उभा राहिला. "मग येवढी फौज करत हुती तरी काय?"

मी भाषांतर केलं. गुरुजी म्हणाले, "कवायत. आणि कालवे खणले. फार चांगले कालवे आहेत."

"म्हंजे पाटबंधारे खातंच की हे!"

१९०१ साली ही वतनी फौज मोडली आणि प्रत्येक तरुणाला सक्तीची भरती लागू झाली. दुसऱ्या महायुद्धात गुरुजी स्वतः दोन हिवाळे सरहद्दीवर बर्फात उभे होते. गोळी एकही झाडली नाही. "आमच्या सैन्याचा मुख्य शत्रू कंटाळा," ते म्हणाले, "आणि त्याच्याशी आम्ही शर्थीनं लढलो." हे ते हसत म्हणाले की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

एल्साबाई

रोज दहाच्या ठोक्याला एक म्हातारी सायकलवरून यायची. कॅरिअरला कॉफीचा थर्मास आणि सात प्रकारच्या बिस्किटांचा डबा. तरुणपणी अमेरिकेत घरकाम करून परतलेली, त्यामुळं इंग्रजी फाडफाड. वय एक्याऐंशी. नाव एल्सा. प्रत्येक प्रकारातलं एकेक बिस्किट उचलायचं असतं. बाबूनं एकाच प्रकारातली चार उचलली, तेव्हा तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं तीन परत ठेवली.

ही ब्रिताची नात. १८७१ साली आईचा हात धरून बाहेर पडलेली चार वर्षांची पोर ती हिची आई. एल्साबाईनं मला दाराच्या चौकटीतला एक लोखंडी आकडा दाखवला. ब्रितानं तो पाळणा टांगायला ठोकून घेतला होता. निघताना काढायला गेली तर निघेना. "आजी मरेपर्यंत त्या आकड्याबद्दल बोलायची," एल्साबाई म्हणाली. "घराबद्दल नाही बोलली कधी. आकड्याबद्दल."

मग तिनं मला पाटी दाखवली, इंग्रजीत अर्थ सांगत. गुरुजी आतल्या खोलीत स्वतःच्या हातानं रंगवत होते. काळ्या फळीवर पांढरी अक्षरं, दृष्ट लागावी अशी. झोपडीचा क्रमांक. स्वार रास्क, १८५९ ते १८७०. आणि खाली: घोडी, तपकिरी, वय नऊ, कपाळावर पांढरा ठिपका.

"आणि ब्रिता?"

"फौजेच्या हजेरीपटात बायका नाहीत," एल्साबाई म्हणाली. "घोडे आहेत. मी वसंतात एकदा विचारलं त्याला. तो म्हणाला, हजेरीपटात नाही."

"मग पुढं?"

"पुढं काय? एकदा विचारलं. उत्तर मिळालं." तिनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मला वाटलं होतं, मी असेपर्यंत होईल. बाकी काही नाही."

घोडीच्या कपाळावरच्या ठिपक्याला जागा आहे, आणि त्या घरात चूल पेटवणारीला नाही! मी जन्मभर पत्रकं लिहिली, पण इतका स्वच्छ, फळीवर रंगवलेला अन्याय कधी पाहिला नव्हता.

आंदोलन

मंगळवारी मी इंग्रजीत पत्रक लिहायला घेतलं. गावात टंकलेखन यंत्र एकच, गुरुजींचं. गेलो मागायला. कशाला हवं, हे सांगितलंच, लपवतो कशाला. त्यांनी यंत्र दिलं, कागद दिले, कार्बन दिला. संध्याकाळी त्यांच्याविरुद्धचं पत्रक त्यांनी वाचलं, शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या आणि 'जुलमी' या विशेषणाखाली रेघ मारून म्हणाले, "दोनदा आलंय."

बुधवारी मोर्चा. परवानगी मागायला फौजदाराकडं गेलो, मनात लाठीमाराची तयारी ठेवून. त्यानं परवानगी दिली आणि वर स्वतः येऊन रस्त्यावरची वाहनं थांबवली. वाहन एकच होतं, दुधाचं. मोर्चात मी, बाबू आणि सायकल धरून एल्साबाई. "ब्रिताला न्याय मिळालाच पाहिजे!" मी मराठीत ओरडलो. बाबूनं तळ्यापलीकडं ऐकू जाईल अशी साथ दिली. लोक दारात आले, टोपीला हात लावला, आत गेले.

"लेका, हितं भिंतच न्हाय," बाबू म्हणाला. "डोकं आपटायचं तरी कशावर?"

उरलं शेवटचं हत्यार. गुरुवारी सकाळी मी झोपडीच्या उंबऱ्यावर बेमुदत उपोषणाला बसलो.

उपोषणाची आपल्याकडं एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत आहेच. सकाळी बसायचं. दुपारी कार्यकर्ते भोवती जमतात. संध्याकाळी कचेरीतला कुणीतरी येऊन चौकशी करतो. दुसऱ्या दिवशी साहेब किंवा पुढारी मोसंबीचा रस घेऊन येतो, आश्वासन देतो, रस पाजतो. रस ज्याच्याविरुद्ध बसलो त्याच्याच बाजूनं यायला हवा, नाहीतर त्याला अर्थ नाही. माझा आजवरचा विक्रम दीड दिवसाचा होता, आणि तोही रसवाल्याची जीप बंद पडली म्हणून.

इथं कुणी आलंच नाही. गुरुजी आले, माझा मराठीतला फलक निरखला, टोपीला हात लावला आणि माझ्याभोवतीची चौकट रंगवू लागले. "खांदा जरा डावीकडं," एवढंच म्हणाले. दुपारी पाऊस आला तेव्हा त्यांनी माझ्यावर ताडपत्री बांधली आणि शेजारी एक सुबक पाटी रोवली. बाबूनं एल्साबाईकडून अर्थ विचारून आणला.

"काय लिवलंय?"

"'ह्या गृहस्थांना त्रास देऊ नये.'"

माझी बूज राखत होते! आणि जून महिना, तिकडं सूर्य मावळायचं नाव काढत नाही. आपल्याकडं निदान अंधार पडला की एक दिवस भरला असं वाटतं. तिथं दिवस भरतच नव्हता. बाबू शेजारी बसून बटाट्याला चटणी लावत होता.

"तुला वास येतोय न्हवं? लांब बसू काय?"

"बस हितंच."

"मिलिंदा, एक सांगू? ह्येंच्या फौजेनं एकशेसाठ वर्सं वाट बघितली, कुणी आलं न्हाय. तुझ्याकडं कोण येणाराय रस घिऊन?"

शुक्रवारी दुपारी एल्साबाई गेल्या वर्षीच्या जांभळ्या रानफळांचा रस बाटलीत घेऊन आली. मी मान हलवली. "तुमच्या हातून चालत नाही. अन्याय तुम्ही केलेला नाही." आणि तिला सगळी रीत समजावली: रस कुणी आणायचा, आधी काय कबूल करायचं, मग कसा पाजायचा.

"म्हणजे नियम आहे?" ती म्हणाली. "हे आधी सांगायचं नाही का?"

तिनं सायकल वळवली. पंधरा मिनिटांत गुरुजी कोट घालून, टाय लावून, हातात पेला घेऊन हजर. नियम आहे म्हटल्यावर तो पाळायलाच हवा! त्यांना दोन दिवस वाटत होतं की मी काहीतरी धार्मिक करतोय.

"पद्धत सांगा," ते म्हणाले.

"आधी मागणी मान्य करायची. ब्रिताचं नाव पाटीवर."

"पाटीचा मथळा आहे 'हजेरीपटाप्रमाणे'. त्यात नसलेलं मी लिहिलं तर ते खोटं होईल." त्यांनी पेला खाली ठेवला आणि वही काढली. "पण मला शिकायचं आहे. तुमच्या गावातही सैनिकांची पाटी असेल. तिथं बायकांची नावं कशी लिहिता? तो नमुना मी पाळीन."

शाळामास्तरच्या निर्मळपणानं विचारलं त्यांनी. टोमणा असता तर मी परतवला असता.

आमच्या गावात, कुरुंदवाडपासून चार कोसांवर, चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, इतके मेले. आकडे. नाव एकाचंही नाही. माझे पणजोबा त्या दुसऱ्या आकड्यात आहेत. आमच्या लोकांची भरती सरकारनं आधी बंद करून टाकली होती. माणसं कमी पडायला लागली तेव्हा दार उघडलं, आणि ते गेले. त्या फरशीखाली बसून मी निवडणुकीची पत्रकं वाटली आहेत. एकदा भेळ खाल्ली आहे.

हे सगळं मी सांगितलं. गुरुजी लिहीत होते.

"पणजोबांच्या पत्नीचं नाव?" त्यांनी विचारलं.

मी बाबूकडं पाहिलं.

"सांग की काहीतरी," बाबू मराठीत कुजबुजला. "लक्ष्मी म्हण, गंगू म्हण. ह्येंना काय कळतंय?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. समोर एल्साबाई उभी होती, चौकटीतल्या आकड्यावर हात ठेवून.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

गुरुजींनी पेन थांबवलं. नावापुढची जागा कोरीच ठेवली. मग वही मिटली. "चर्चच्या वहीत प्रत्येक घरातल्या सगळ्या माणसांची नोंद असते," ते एल्साबाईला म्हणाले. "बायका, मुलं, सगळी. दुसरी पाटी करता येईल. मथळा वेगळा, 'या घरात राहिलेली माणसं'. तू विचारलं होतंस, हजेरीपटाच्या पाटीत नाव येईल का. त्याचं उत्तर मी बरोबर दिलं होतं." त्यांनी वही कोटात घातली. "फक्त तेवढंच दिलं."

मग त्यांनी दोन्ही हातांनी पेला पुढं केला. आंबट होता रस. मी तो कुठल्याही विजयाशिवाय प्यालो.

रविवार

झेंडा, कॉफी, बिस्किटं. दोन पाट्या शेजारी शेजारी. दुसरीवर ब्रिताचं नाव, मुलीचं नाव, आणि खाली: १४ मार्च १८७१ रोजी इथून गेल्या. एल्साबाईनं चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता रडेल. ती गुरुजींना म्हणाली, "अक्षर चांगलं आलंय." ते लाल झाले. बाबूनं टाळी वाजवली, एकट्यानंच, आणि मग हळूहळू सगळ्या गावानं.

निघताना तिनं माझा हात धरला. "आता तुझी," ती म्हणाली. "नाव मिळालं की कळव."

परत

कोल्हापुरात उतरल्या उतरल्या वडिलांना विचारलं. ते शाळेत शिक्षक. शेकडो पोरांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. म्हणाले, "आजीच म्हणायचो की रे आम्ही. नाव..." आणि मला आत्याला विचारायला सांगितलं.

गावी आत्याकडं गेलो. आत्या साठीची, तिला आजी आठवते. कपाळावर गोंदण, एका पायानं लंगडायची, ताक घुसळताना गाणं म्हणायची.

"नाव काय होतं, आत्या?"

"नाव कोण घेतंय रं थोरल्या माणसाचं? समदी शिपाईण म्हणायची तिला. शिपायाची बायकू म्हणून."

"त्याआधी?"

"त्याच्या आदी कुणाला म्हाईत? माहेर म्हैसाळकडचं म्हणत्यात. तिथं न्हाय काय कोण राहिल्यालं." आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "मरताना मीच पाणी घातलं रं तिला. आजी म्हणूनच घातलं."

तलाठ्याच्या दप्तरात पाहिलं. सगळे पुरुष. जमिनीचे गट नंबर आहेत, विहिरी आहेत, आंब्याची झाडंसुद्धा मोजलेली आहेत.

मी एल्साबाईला लिहिलं, नाव मिळालं नाही. महिन्यानं कार्ड आलं. मागं तळ्याचं चित्र, पुढं दोन ओळी: "शोधत राहा. मी आता ब्याऐंशीची आहे."

म्हणून आता तुम्हाला सांगतो. चावडीच्या त्या फरशीच्या गावातली शिपाईण, कपाळावर गोंदण, पायानं अधू, ताक घुसळताना गाणारी: तिचं नाव ज्या कुणाला ठाऊक असेल त्यानं आमच्या आत्याच्या दारात येऊन सांगावं. चावडीच्या मागं, चिंचेजवळचं घर. आणि बाकीच्यांनी हे वाचून झाल्यावर हळहळ करत बसू नये. तुमच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आत्ता जिथं असेल तिथं जा, त्याच्या आजीचं नाव विचारा आणि कागदावर लिहा. सांगता आलं नाही तर शेजारच्या घरी जा, तिथं नाही तर तिच्या माहेरच्या गावी जा. तो कागद भरेपर्यंत माझ्या मोर्चात येऊ नका, मी तुम्हाला घेणार नाही. मी स्वतः सध्या बाहेर उभा आहे.

उठा. विचारा.